दोन दमात लागणारं दार

वामनरावांच्या गाडीचं दार तुम्ही आयुष्यात एकदा जरी लावलं असेल, तरी तुम्ही त्यांची बोलणी खाल्लेली आहेत, हे मी न विचारता सांगतो. मी तर त्यांचा शेजारी. रामदासपेठेत आमच्या दोन घरांमध्ये एक कंपाउंडची भिंत, त्यामुळे मी किती खाल्ली असतील त्याला गणतीच नाही.

तुमच्या-आमच्यासारखी माणसं दार ढकलून देतात आणि चालू लागतात. वामनराव आधी तळव्यानं हलकंच लोटत. आतली जीभ पहिल्या खाचेत बसून ‘टक्’ वाजे. मग ते थांबत. एक श्वास जाईल एवढं थांबून खांद्यानं दाबत, की ‘थप्’. हा त्यांचा रोजचा विधी. कुणी धाडकन दार आपटलं की ते कळवळून ओरडत, “दोन दमात, मास्तर, दोन दमात! दार हाय गा ते, तुमच्या शाळेतलं पोट्टं नोहे, धोपटाले!”

बरं, हा कायदा फक्त स्वतःच्या गाडीपुरता असता तर चाललं असतं. एका लग्नात फुलांनी सजवलेल्या गाडीतून नवरदेव आला आणि उतरून त्यानं दार आपटलं. वामनरावांनी भर मांडवाच्या तोंडाशी त्याला अडवलं. “नवरदेव असाल तुमच्या घरचे. पहिले ते दार नीट लावा.” वाजंत्री थांबली. मुलाच्या मामांचे डोळे लाल झाले. शेवटी नवरदेवानं बाशिंग सावरत दोन दमात दार लावलं, तेव्हा कुठे वरात पुढं सरकली. मुलीकडचे लोक आजही आमचं नाव काढत नाहीत.

वामनराव सावनेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते. मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी यांच्या गळ्यात पडली. त्याच गाडीनं ते रोज सावनेरला जात-येत. तिच्या डाव्या दाराची पहिली खाच झिजून गेली होती. ते एकाच दमात खाडकन लागे. “या पाहुण्यायनं माही डावी बाजू खाल्ली,” असं म्हणताना ते माझ्याकडेच बघत. उजवं दार, म्हणजे त्यांचं स्वतःचं, मात्र अगदी नव्यासारखं होतं. गाडी घरी आल्यापासून त्याला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलाच नव्हता.

घरात ते आणि सुमनवहिनी, दोघंच. साखरेच्या आजारानं वहिनींची नजर गेली होती. दिवसभर त्या समोरच्या खोलीत खाटेवर बसून असत. कामवाली दुपारी निघून जाई, त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या एकट्या.

त्या वर्षी हिवाळ्यात सावनेर रोडवर वामनराव चहाला थांबले होते. हातात कप, आणि समोर त्यांची गाडी. तेवढ्यात एका कोळशाच्या ट्रकनं मागं घेताना त्यांचं ते उजवं दार आत चेपून टाकलं. दार लागेना, उघडेना. दोरीनं बांधून त्यांनी गाडी घरी आणली आणि डाव्या दारातून सरपटत उतरले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्यासमोर एका टॅक्सीचं दार मुद्दाम आपटलं. त्यांनी त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून आत गेले. मला तेव्हा खरी काळजी वाटली.

मिस्त्रीनं ठोकून पाहिलं. दार सरळ झालं, पण जीभ खाचेत बसेना. त्या जातीची गाडी आता निघत नव्हती, त्यामुळे नवं दार बाजारात नव्हतं. एका रविवारी सकाळी वामनराव फाटकात उभे. हातात पान्यांची पिशवी. “मास्तर, कामठी रोडच्या कबाड्याकडं आपल्यासारखी गाडी आली म्हणते. चला, हात लागंल.”

कबाडात गाड्यांची मढी एकावर एक रचलेली. वामनराव हाती येईल त्या दाराला कान लावून ‘टक्’ ऐकत हिंडू लागले. कबाडी रहीमभाई बराच वेळ पाहत होता. अखेर त्याला राहवेना. “साब, दरवाजा लेने आए हो कि तबला?”

आणि मग अगदी कडेला, एका ढिगाच्या तळाशी, ती सापडली. तशीच गाडी. तिच्या टपावर एका जीपचा सांगाडा बसवलेला. टप मधोमध दबलेलं. वामनरावांनी उजवं दार चार बोटं उघडलं, आणि लोटलं.

टक्. …थप्.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, चला, काम झालं.

“वो नहीं मिलेगा,” रहीमभाई म्हणाला. “ये पूरी लाइन आज कटके जा रही है.” फाटकाशी ट्रक उभा होता, आणि शेजारच्याच गाडीवर गॅसची निळी ज्योत चालू होती. वामनरावांनी हात जोडले. मी त्यांना देवळातही हात जोडताना पाहिलं नव्हतं. रहीमभाईनं ज्योतीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “जब तक बगलवाली कटती है, निकाल लो. फिर मैं किसीकी नहीं सुनूँगा.”

मी गुडघे टेकून दार मांडीवर तोललं. वामनराव कब्ज्याचे, म्हणजे बिजागरीचे, बोल्ट फिरवू लागले. वरचे निघाले. खालचे गंजून लोखंडात लोखंड झालेले. रॉकेल ओतलं, पाना लावला, पान्यावर हातोडा मारला. हातोडा पडला की वरची जीप कुरकुरे आणि तिच्यातली माती माझ्या डोक्यावर सांडे. शेजारच्या गाडीचा अर्धा भाग खाली कोसळला. गॅसवाला कटर हातात घेऊन आमच्या गाडीच्या पुढच्या बाजूला सरकला.

“कब्जाच काट देता हूँ,” तो म्हणाला. “एक मिनट का काम.”

“नाही!” वामनराव ओरडले. “कब्जा कापला त दार वाकडं बसते. वाकडं बसलं त टक् येत नाही!”

गॅसवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार कप्पाळ!

शेवटचा बोल्ट किंचाळून सुटला आणि दारासकट मी ग्रीसच्या चिखलात बसलो. सुटलो एकदाचे, असं म्हणून मी उठतोय, तर वामनराव पुन्हा गाडीत डोकं घालून वाकलेले. “खाच राहिली,” ते आतून म्हणाले. जीभ ज्या लोखंडी खाचेत बसते, ती गाडीच्या खांबाला आत असते. वामनराव तिचे पेच काढत होते.

वरची जीप हलली. या खेपेला नुसती कुरकुरली नाही, चांगली वीतभर सरकली.

“वामनराव, निघा बाहेर!”

“एक पेच राहिला गा.”

मी त्यांचा सदरा धरून ओढला. तो फाटला, वामनराव हलले नाहीत. रहीमभाई शिव्या देत धावला. त्यानं आणि दोन हमालांनी रुळाचा तुकडा जीपखाली रेटला. “अरे बुढऊ, मरना है क्या?” रूळ चिखलात रुतू लागला. हमालांच्या मानेच्या शिरा फुगल्या. तेवढ्यात वामनराव मागे सरकले, मूठ आवळलेली, आणि हमालांनी रूळ सोडून उड्या मारल्या. टप खाली बसलं. त्यांचं डोकं जिथं होतं, तिथं आता जीपचं धूड होतं.

फाटलेल्या सदऱ्याची चिंधी अजून माझ्या मुठीत होती. आणि हा गृहस्थ त्या खाचेवर फुंकर मारून ती धोतरानं पुसत होता! माझा तोल सुटला. “एका आवाजासाठी जीव देता? टक् नसतं वाजलं तर काय आभाळ कोसळणार होतं?”

त्यांनी खाच पान्यांच्या पिशवीत ठेवली. मग म्हणाले, “मास्तर, दार बांधलं तवापासून मी घरात पाय टाकला का ती दचकते. ‘कोण हाय?’ म्हणते. मी किती हळू आलो तरी दचकते. तिले दिसत नाही, अन् ते डावं दार कोणाच्याही गाडीवानी वाजते. सोताच्या घरात मले रोज नाव सांगा लागते गा.”

मी दाराचं एक टोक उचललं.

संध्याकाळी मिस्त्रीनं दार बसवलं. हिरव्या गाडीला पिवळं दार. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. वामनरावांनी हात पुसले, दार लोटलं. टक्. थांबले. थप्.

“आले का?” आतून वहिनींचा आवाज आला.

वामनराव दारावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी चहाचं निमित्त करून आत गेलो. वहिनी खाटेवर बसल्या होत्या. चाहूल लागताच त्यांनी आवाज बारीक केला.

“मास्तर, दार दुसरं हाय नं?”

“कसं ओळखलं?”

“त्या दाराचा थप् जड होता. हे पोकळ वाजते. मधातलं थांबणं तेवढं त्यायचं हाय.” मग माझ्या दिशेनं हात हलवून म्हणाल्या, “सांगू नका बरं त्यायले.”

बाहेर पुन्हा टक् वाजलं. वहिनींनी मला बोटानं गप्प बसायची खूण केली, थप् होईपर्यंत वाट पाहिली, आणि मोठ्यानं विचारलं, “आले का?”