गुलाबभाऊंची घटनादुरुस्ती

या, जवळ सरका. दारातूनच हालहवाल विचारून पळता, अशानं माणसं कळतात का कोणाले? बसा. शेजारच्या गुलाबभाऊंचं सांगते.

दिल्लीत मंत्र्यांची खाती बदलली, की गुलाबभाऊ घरातली बदलतात. टीव्हीवरचा शपथविधी संपला, की ओट्यावर उभं राहून जाहीर करणार, "म्हशीचं खातं आजपासून माझ्याकडं. मेथीची तोडणी इंदूकडं!" दिल्लीत मोठे साहेब वर्षानुवर्षं तेच, तसे हेही लग्नापासून घरचे पंतप्रधान. "साहेब कायम, बाकीचे हलते," हे त्यांचं पालुपद. त्यांची बायको इंदू म्हणायची, "साहेब, पाय धुवा आधी. मळ्यातला सारा चिखल घरात आणला."

चूल मात्र कधी हलली नाही. सासूनं मरताना भाऊंकडून शब्द घेतला होता, चूल इंदूचीच. "ही आमच्या घरची घटना," भाऊ म्हणायचे. म्हणून बसथांब्यावर कोणी 'घटना बदलणार म्हणे' असं बोललं, की घाबरेघुबरे होऊन माझ्याकडं यायचे. "अक्का, घटनेले एकदा हात लागला, तं मंग आपल्यापाशी काय राह्यते?"

यंदा इंदू गॅस सुरू ठेवून विसरू लागली. एक दिवस पदर पेटला. भाऊंनी हातानंच विझवला. दुसऱ्या दिवशी मले बोलावलं. हाताले फडकं बांधलेलं.

"अक्का, दिल्लीत फेरबदल झाला. इंदूले बढती. बिनखात्याची मंत्री! चूल माझ्याकडं."

"काहून?" इंदू भडकली. "अन् घटना? दोन तृतीयांश मतं लागते म्हणलं!"

"म्हणून तं अक्काले आणलं. तिघांत दोन."

म्हणजे माझा हात वर गेला, की इंदूची चूल गेली. भाऊंचा आवाज पंतप्रधानाचा, पण फडकं बांधलेला हात पाठीमागं लपवलेला. मी हात वर केला.

इंदू माझ्याकडं पाहतच राहिली. मग हळूच तिनंही हात वर केला. "होऊ द्या एकमतानं. रातभर झोपले नाही हे."

त्या दिवशी दिल्लीत काहीच बदललं नव्हतं. टीव्ही माझ्याही घरी आहे ना बाप्पा.

आता भाऊ रांधतात, अन् इंदूले जवळ पाट टाकून बसवतात. "मंत्रीणबाई, मीठ किती?" त्यांना काय ठाऊक नाही? पण ती सांगेपर्यंत टाकत नाहीत. परवा तिले सुचेना, तर गॅस बंद करून तसेच बसून राहिले, भाजी थंड होईपर्यंत.

पुन्हा आमच्या कामरगावकडं आलात, तर दोघांकडंही या. तिले पाहुणे आवडतात. पण लवकर या बरं, उशीर नका करू. अजून तिले माणसं ध्यानात राहतात.