जनूतात्यांच्या डोक्याची पातळी

जनूतात्यांचं डोकं मीटरमध्ये दुखतं. तुमचं-माझं नुसतं दुखतं, फार तर कपाळाला बाम फासून आपण भिंतीकडे तोंड करून पडतो. तात्या आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या दारात येऊन, उजवा डोळा मिटून, ड्यूटीवर असल्यासारखे सांगतात, "शिष्टर, दुपारी दोनला सव्वा मीटर व्हतं. आता अडीच. आवक चालू हाय."

यात तात्यांचा दोष नाही. त्यांची सगळी नोकरी भातसानगरला, मुंबईला पाणी देणाऱ्या धरणावर, पाण्याची पातळी मोजण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा धरण सरकारकडे राहिलं आणि मोजायची सवय तात्यांकडे आली. घरी येऊन त्यांनी आधी म्हशीचं दूध मोजलं, मग रांजणातलं पाणी मोजलं, मग बायको, म्हणजे सुमनकाकू, शेजारणीशी किती वेळ बोलतात ते मोजायला लागले. काकूंनी लाटणं दाखवल्यावर ते काम थांबलं. मग अर्धशिशी आली आणि तात्यांना पुन्हा मोजायला काहीतरी मिळालं.

मी या गावात नर्स आहे. माझी भाड्याची खोली तात्यांच्या घरासमोर, माडीवर. खिडकीतून तात्यांचं अंगण दिसतं, अंगणाच्या मधोमध डोक्याइतक्या उंचीची विटांची भिंत दिसते आणि भिंतीपलीकडे त्यांचे थोरले बंधू धोंडूदादा यांचं अंगण दिसतं. दोघे भाऊ एकमेकांशी नऊ वर्षं बोललेले नाहीत. मला मात्र दोघेही दिवसभर ऐकू येतात.

अर्धशिशीवर गावाकडे औषधांची कमतरता नाही. कुणीतरी सांगितलं, सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी बुडवून खा. तात्यांनी महिनाभर खाल्ली. अर्धशिशी होती तिथेच राहिली, पोट तेवढं वाढलं. शेवटी मी त्यांना शहापूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की काहीकाहींना खाण्यातल्या गोष्टींनीही डोकं उठतं, जरा लक्ष ठेवा. तेवढ्यावर भागलं असतं. पण मला शहाणपणा सुचला. मी म्हटलं, "तात्या, जे खाता ते लिहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आडव्या पानांचं रजिस्टर आणून माझ्या टेबलावर ठेवलं. धरणावर असतं तसंच. तारीख, आवक, पातळी, विसर्ग, शेरा. आवक म्हणजे पोटात काय गेलं. पातळी म्हणजे डोकं. विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा, रकाना बघून मला हसू आवरेना.

"यात काय लिहिणार?"

"जास्त झालं का दरवाजे उघडतात ना, शिष्टर. वांती."

तेव्हापासून तात्यांच्या घरात कुणी सुखानं जेवलं नाही. भात दोन वाट्या, सपाट. आमटी दीड पळी. एका हळदीच्या पंगतीत वाढप्याचा हात धरून त्यांनी पळी बोटानं सपाट करायला लावली, मागे सगळी रांग खोळंबली. कुणी काही बोललं की उत्तर ठरलेलं. "रीडिंगशिवाय बोलू नको."

मग बंदी हुकूम निघू लागले. पहिलं वांगं गेलं. मग केळं, मग शेव. तात्या हे नुसते सोडायचे नाहीत, चहाच्या टपरीवर जाहीर करायचे, म्हणजे पाणी सोडण्याआधी खालच्या अंगाच्या गावांना इशारा दिल्यासारखं. वांगं खाऊन गावात दुसऱ्या कुणाचं डोकं दुखल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण लोक वांग्याकडे संशयानं बघायला लागले. सुकटीवर बंदी आली तेव्हा मात्र तात्या खरंच खचले. सुकट, वाळवलेली बारीक कोळंबी, म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुणाच्या घरी ती भाजत असली की ते गल्लीत उभे राहायचे आणि घरी जाऊन रजिस्टरात लिहायचे, "सुकट, फक्त वास, दोन मिनिटं."

एवढं करूनही डोकं उठायचंच, तेही न चुकता बाजाराच्या दिवशी, दुपारनंतर. तात्यांनी चार महिन्यांची पानं पुढेमागे केली आणि आरोपी सापडला. भेंडी.

इथे थोडं मागे जायला हवं. धोंडूदादा भेंडी लावतात आणि बाजारच्या दिवशी स्वतः नेऊन विकतात. वाकडी, आखूड भेंडी घरी राहते. भाऊ बोलत नसले तरी जावांचं भांडण नव्हतं, त्यामुळे पहाटे भिंतीवरून ती भेंडी सुमनकाकूंकडे यायची. तात्यांच्या ताटात भेंडी फक्त बाजारच्या दिवशी. डोकंही फक्त बाजारच्या दिवशी. पुरावा बिनतोड होता.

भावांचं भांडणही मोजण्यावरूनच झालेलं. एका उन्हाळ्यात गावात टँकर आला. धरण आमच्या उशाला आणि टँकर आमच्या दारात, याची आम्हाला सवय आहे. तात्यांनी तिथे उभं राहून सगळ्यांची पिंपं मोजली आणि चारचौघांत सांगितलं, "दादाचा एक हंडा जास्त झाला." दादा भडकले. "सगळ्या मुंबईला पानी देतोस आनि भावाला मोजून देतोस?" त्या महिन्यातच भिंत उभी राहिली.

आता त्याच भावानं टपरीवर सांगितलं की दादाच्या भेंडीनं डोकं चढतं. बाजारात गिऱ्हाईकं दादांना विचारू लागली, "धोंडूशेठ, खरं काय ओ?" त्या संध्याकाळी दादा अंगणात उभे राहून भिंतीला म्हणाले, "आधी माजं पानी मोजलंन, आता माजी भेंडी मोजतो! उद्या माजी भांडी मोजल!" भिंतीच्या अलीकडे तात्यांनी रजिस्टराचं पान उलटलं. रीडिंग चालू होतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी तात्यांनी भेंडीला हातही लावला नाही. डोकं तीन मीटरला गेलं आणि दरवाजे उघडले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "भेंडी नसताना पूर. तपास चालू." ते वाचून मला हसायचं सुचलं नाही. माणूस खरंच पिळून निघत होता.

त्याच्या पुढच्या बाजारच्या दिवशी मी रजेवर होते, खोलीतच. साडेबाराला सुमनकाकूंनी ओटीवर ताट आणून ठेवलं, वर दुसरं ताट झाकलं. तात्या ताटासमोर बसले आणि भिंतीकडे कान लावून राहिले. एक वाजला. दीड वाजला. मी खिडकीतून ओरडले, "तात्या, जेवा की!"

"भूक नाय."

"भूक कशी नाय?" काकू आतून म्हणाल्या. "दादा जेवल्याबगार हे जेवत नाईत. आनि हे जेवल्याबगार मला मिलत नाय."

"कोण दादा?"

"दादा किती हायेत? तो भिंतीपल्याडचा."

मी जिना उतरून खाली गेले. त्यांच्या आईची रीत होती म्हणे, थोरल्याच्या आधी धाकट्यानं घास घ्यायचा नाही. आई गेली, वाटण्या झाल्या, भिंत झाली, रीत राहिली. दादा जेवले हे कळतं चुळीवरून. धोंडूदादांची जेवणानंतरची चूळ म्हणजे आमच्या आळीचं घड्याळ. मोरीवर उभं राहून ते अख्खा तांब्या घशात खळखळवतात आणि असा आवाज काढतात की झाडावरचे कावळे उडतात. रोज ती बारा-साडेबाराला होते. बाजारच्या दिवशी दादा घरी येतात साडेतीनला.

माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. नर्स म्हणून मला स्वतःची लाज वाटली. "तात्या, उपाशी राहून वेळ टळली की अर्धशिशी उठते! हे रजिस्टरात का नाही लिहिलं?"

"खाल्लं ते लिवाचं म्हनलाव तुमी. नाय खाल्लं ते लिवाचं कवा म्हनलाव?"

"मग आता साडेबाराला जेवायचं. बाजार असो, नसो."

तात्यांनी रजिस्टर मिटलं. "ते नाय व्हनार, शिष्टर."

"अहो, नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नाही तुम्ही!"

"बोलत नाय. जेवाचा काय संबंध?"

मला दोघांचाही इतका राग आला की संध्याकाळी मी तशीच भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. धोंडूदादा उरलेली भेंडी निवडत होते. मला बघून म्हणाले, "आलीस त्याची वकिली कराला?" मी म्हटलं, "दादा, तुमची भेंडी सुटली. गुन्हा तुमच्या चुळीचा आहे." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ढिगातली एक भेंडी उचलली.

"अजून थांबतो तो?"

"नऊ वर्षं."

"येडा हाय," दादा म्हणाले. "ल्हानपनापासून येडा." त्यांनी भेंडीचं टोक मोडलं, मग तीच मोडकी भेंडी चांगल्या ढिगात टाकली. मी घरी आले.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी डबा विसरल्याचं खोटं सांगून दुपारी खोलीवर आले. साडेबाराला धोंडूदादांची मोटरसायकल अंगणात शिरली. त्यांनी ती बंदसुद्धा केली नाही. फटफट चालू ठेवून मोरीवर गेले, तांब्या भरला आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर असली की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. त्यांची बायको धावत बाहेर आली. "अवो, जेवून तरी जावा!" दादांनी ओठांवर बोट ठेवलं, भिंतीकडे खूण केली आणि त्यांच्या मते हळू, पण मला माडीवर ऐकू येईल असं म्हणाले, "टाईम नाय. माल उघड्यावर हाय." आणि बाजाराला परत गेले.

अलीकडे तात्या मान वर करून ऐकत होते. गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत ऐकत होते. मग काकूंना म्हणाले, "वाढ गो. दादा जेवला."

संध्याकाळी ते रजिस्टर घेऊन आले. दोन्ही डोळे उघडे होते. पातळी, शून्य. शेऱ्यात एक ओळ होती, "दादा उपाशी गेला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते छताकडे बघत म्हणाले, "रीडिंग हाय ते लिवाचं."

दुसऱ्या दिवशी टपरीवर भेंडीची निर्दोष सुटका जाहीर झाली. पाठोपाठ वांगं सुटलं, केळं सुटलं, सुकटही सुटली. भाऊ अजून बोलत नाहीत. बोलतील असं मला वाटतही नाही, दोघेही सारखेच हट्टी आहेत.

पण त्याच्या पुढच्या बाजारच्या दिवशी भिंतीवर फडक्याचं एक गाठोडं ठेवलेलं होतं. दादा आले, चूळ भरली, फडकं उचललं, हँडलला अडकवलं आणि इकडेतिकडे न बघता निघून गेले. मी संध्याकाळची वाट न बघता खाली उतरले आणि तात्यांचं रजिस्टर ओढून घेतलं. विसर्गाच्या रकान्यात त्या दिवशी लिहिलं होतं, "तांदळाच्या भाकऱ्या दोन. सुकट एक वाटी, ओसंडून."