पेरलेला प्रश्न

या वेळी प्रश्नांचा बंदोबस्त झाला होता! छोटीने तसं आईला सांगितलं, भावाला सांगितलं आणि आरशातल्या स्वतःलाही दोनदा बजावलं.

छोटी म्हणजे घरातलं शेंडेफळ, वय एकोणतीस. कर्करोगाच्या पेशींवर चार वर्षं काम करून तिने पीएचडी मिळवली होती आणि नावाआधी 'डॉक्टर' लागल्यापासून नातेवाईक तिला आपले गुडघे दाखवत होते. तिच्या पेशींची एक खोड होती. औषध पडलं की बहुतेक मरत. काही मात्र मेल्यासारख्या पडून राहत, झोपत आणि पुढे कधीतरी उठून पुन्हा वाढायला लागत. त्या उठतात कशा, हे छोटीने शोधलं होतं. काम चोख होतं. अडचण वेगळीच होती. भाषण संपल्यावर कुणी अनपेक्षित काही विचारलं, की तिची जीभ टाळूला चिकटे. मागच्या मेळाव्यात एका गृहस्थांनी नुसतं "पंखा जरा कमी करता का?" विचारलं, तर ती म्हणाली होती, "त्यावर आमचं काम चालू आहे."

आता तरुण संशोधकांचा मोठा मेळावा होता. तिघांची भाषणं आणि जागा एक. एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत वर्षभर काम करायला मिळणार होतं. छोटीची सध्याची नेमणूक संपत आली होती. ही जागा हुकली, तर झोपलेल्या पेशी शीतपेटीत ठेवून दुसरी नोकरी शोधणं भाग होतं.

म्हणून तिने प्रश्न पेरायचा ठरवला. त्यासाठी निवडला मामा.

मामा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबणाऱ्यांच्या शेजारी त्याने उभा जन्म काढला होता; परीक्षकांना तो काय भिणार? छोटीने त्याच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं: "औषध थांबवल्यानंतर पेशींवर तुम्ही किती काळ लक्ष ठेवलं?" उत्तराची झकास स्लाइड तिने राखून ठेवली होती. मामाने तो प्रश्न दाढी करताना म्हटला, लाल दिव्यापाशी थांबल्यावर म्हटला, एका घाबरलेल्या शिकाऊ बाईंना चढावर गाडी चढवताना म्हटला. छोटीच्या सूचना दोनच होत्या. एक, ओळख दाखवायची नाही. दोन, हात चटकन वर करायचा, नाहीतर दुसरंच कुणी काहीतरी विचारून बसेल.

सभागृहात छोटीचा क्रमांक शेवटचा होता. तिच्या आधी एक टायवाला तरुण बोलला. त्याच्या औषधाने सगळ्या पेशी मरत होत्या आणि स्लाइडवरचे आलेख घसरगुंडीसारखे गुळगुळीत होते. माणूस मात्र भला. सकाळी छोटीच्या कॉलरला माइक लागेना, तेव्हा त्यानेच तो लावून दिला होता.

त्याचं भाषण संपत आलं आणि मागच्या रांगेतून एक हात वर गेला. मामाचा.

वळणाच्या बरंच आधी सिग्नल द्यायचा, हे मामा आयुष्यभर शिकवत आला होता. पुढच्या भाषणासाठी त्याने आपला हात आत्ताच दाखवून ठेवला, इतकंच. पण अध्यक्षबाईंनी, म्हणजे त्या नावाजलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, नेमका तो हात टिपला, माइक मामापर्यंत पोहोचला आणि अख्खं सभागृह मान वळवून बघू लागलं. माझा प्रश्न त्या मुलीसाठी आहे, असं म्हणावं तर ओळख उघडी पडते. मामाने घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात प्रश्न विचारून टाकला.

टायवाल्याने टाय सैल केला. औषध थांबवल्यावर आपण आठवडाभरच पाहिलं, त्यापुढे नाही, असं त्याने कबूल केलं. परीक्षकांची डोकी एकमेकांकडे झुकली. पेनं चालू लागली. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

मामाने लांबून छोटीकडे पाहिलं. कामगिरी फत्ते झाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर ओसंडत होता.

छोटी मंचावर गेली. राखीव स्लाइड एका बटणावर होती. ती आत्ता दाखवली असती, तर मैदान तिचंच होतं. तिने बटणावरचं बोट उचललं.

"सुरू करण्याआधी एक सांगते," ती म्हणाली. "मघाचा प्रश्न माझा होता. मला सोपा जावा म्हणून मीच पेरला होता. ते माझे मामा आहेत. प्रश्न चुकून यांच्यावर गेला, त्यावरून यांचे गुण कापू नका."

सभागृहात हशा उसळला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तिला बोलायला सांगितलं.

छोटी बोलली. मागे मामाचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत राहिला. भाषण संपल्यावर बाई म्हणाल्या, "मामा, आता एक प्रश्न तुमचा स्वतःचा विचारा."

मामा उठला. घोटलेलं वाक्य खर्च झालं होतं.

"माझ्या वर्गात एक मुलगा रोज झोपतो," तो म्हणाला. "माझ्या बोलण्याने झोपतो की घरूनच झोपून येतो, हे मला अजून कळलेलं नाही. तुझ्या पेशींचं काय? औषधाने झोपतात, की आधीपासूनच झोपलेल्या असतात?"

छोटीची जीभ टाळूकडे निघाली. या वेळी तिने ती अर्ध्या वाटेत अडवली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "औषधानेच झोपतात असं मी चार वर्षं धरून चालले. तपासलं कधीच नाही."

मग ती फळ्याकडे वळली. औषध टाकण्याआधीच एकेका पेशीवर खूण कशी करायची, कोणती आधीपासून सुस्त आहे ते कसं ओळखायचं, नंतर तीच वाचते का ते कसं पाहायचं, हे ती खडूने काढत गेली. कुठे अडली, तिथे अडले म्हणाली. वेळ संपल्याची घंटा अध्यक्षबाईंच्या हातात होती. बाई ती वाजवायला विसरल्या. पहिल्या रांगेत टायवाला वही काढून उतरवून घेत होता.

जागा छोटीला मिळाली. उत्तरं पाठ असलेले पुष्कळ येतात, बाई म्हणाल्या. माहीत नाही म्हणून लगेच खडू उचलणारी आज दिसली. टायवाल्याने येऊन अभिनंदन केलं आणि पुढच्या वर्षी मामा मोकळे आहेत का, अशी चौकशी केली.

नव्या प्रयोगशाळेत छोटीला बाईंनी कोणता विषय दिला असेल? मामाचा! त्यामुळे मामा आता दर रविवारी फोन करतो, आणि त्याचा सूर तब्येत विचारणाऱ्या मामाचा नसतो, प्रगतीचा अहवाल मागणाऱ्या मार्गदर्शकाचा असतो.

परवा छोटीने विषय बदलून पाहिला. "मामा, तुझ्या त्या झोपणाऱ्या मुलाचं काय झालं?"

"तो होय? घरूनच झोपून येतो," मामा म्हणाला. "एक दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही, तरी झोपला. विषय संपला. तुझं कुठवर आलंय, छोटे?"

"त्यावर आमचं काम चालू आहे," छोटी म्हणाली.