खाणारीची सासू

नवरीले भेटाच्या आधी आमची बुढी, म्हणजे माझी बायको, आचाऱ्याले भेटली. रविवारी अकोल्याले भाचीचं लग्न होतं. सारे लोकं मांडवात अन् ही मांडवामागं कढईजवळ उभी. आचारी वैतागून म्हणे, "मावशी, तुमी नवरीच्या माय का?"

"नाही. खाणारीची सासू."

खाणारी म्हणजे आमची सून वर्षा. तिले गहू चालत नाही, दूधबी नाही. डबीतल्या हिंगात मैदा असते, हे बुढीनं कुठून तरी शोधून काढलं होतं. शेवटी आचाऱ्यानं वांग्याच्या भाजीचं एक पातेलं बिनहिंगाचं केलं अन् हिच्यापुढं हात जोडले. येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून अमरावतीपर्यंत घोरली. तेच आमचं दोघांचं शेवटचं फिरणं.

मी चौथी शिकलो. तिनं शाळेचं तोंडबी पाह्यलं नव्हतं.

चार वर्षांआधी वर्षा राजापेठेतल्या आमच्या घरात आली तवा काडीसारखी होती. खाल्लं का पोट धरून बसे. डॉक्टरनं गहू-दूध बंद सांगतलं तवा बुढीनं तोंड वाकडं केलं. म्हणे, व्हीआयपी सून भेटली. अन् दुसऱ्या दिवसापासून गव्हाशी दुश्मनी घेतली. "गहू चोर आहे, कुठूनबी घुसते," हे दिवसातून दहादा.

चक्कीचं शटर उघडाच्या आधी ही तिथं हजर. कालचा गहू दगडात राहते म्हणून आधी ब्रश मारून घे, मंग दोन मुठी ज्वारी दळून ते पीठ गाईले, अन् मंग आपलं दळण. चक्कीवाला म्हणे, काकू, दगडाले आंघोळ घालू का? ही म्हणे, घाल, पण वाळल्यावर दळ.

पोळ्याच्या सणाले तिनं शेंगदाण्याच्या दुधाची खीर केली. गाळलं कशानं, तर माझ्या धोतरानं. मी बोंबललो. म्हणे, धुतलेलं होतं. वर्षाले वाढताना कवा गोड बोलली नाही. "खाय, नाही तर डोक्यावर ओतते," असंच. पोरगी हासत दोन वाट्या खाये. चार वर्षांत तिचे गालं भरले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी बुढी तांदूळ निवडता निवडता गेली. सूप मांडीवरच होतं.

सुतकात घरची चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी जेवण आणलं. पोळ्या अन् तुपाची फोडणी देलेलं वरण. मायेनं आणलं, पण कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्या पोराच्याबी नाही. वर्षा म्हणे, भूक नाही. घर माणसानं भरलेलं अन् पोरगी उपाशी.

मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघरात शिरलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मोठी वहिनी दारात आडवी आली. म्हणे, भाऊजी, तीन दिवस चूल पेटवत नसतात.

"सुतक घराले आहे," मी म्हणलो, "तिच्या पोटाले नाही."

फळीवर वीस-पंचवीस डबे. काहींच्या गळ्यात लाल दोरा बांधलेला. वर्षाले इचारलं, हे काय?

ती खाली पाहत म्हणे, "आईनं बांधले, बाबा. माझ्या खाण्याचे डबे. म्हणे, मी गेल्यावर बुढाच रांधीन तुले. त्याले बारीक अक्षर दिसत नाही."

भाकर मले थापता येत नाही. दोऱ्याच्या डब्यातून ज्वारीच्या कण्या काढल्या, पाणी ठेवलं अन् शिजवल्या. खालून थोड्या करपल्या. ताटली वर्षापुढं ठेवली अन् समोर बसून राहिलो.

तिनं साऱ्या खाल्ल्या. ताटली पुसून खाल्ली. मंग डोळे पुसत म्हणे, "बाबा, उद्या मीठ टाकजा."