गॅसवर उकळलेला थर्मोस्टॅट

गाडीचं इंजिन का तापतं, हे मला विचारा. पाणी कमी असेल, पंखा बंद असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, नाहीतर पंप गेला असेल. एवढ्यासाठी मेकॅनिककडे धावणाऱ्यांची मला कीव येते. डोकं ठिकाणावर आणि पाना हातात असला की हे घरच्या घरी होणारं काम आहे, असं मी परवापरवापर्यंत भेटेल त्याला सांगत होतो.

गाडी सासरेबुवांची होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी ती मला पहिल्यांदाच दिली, तीही एका दिवसापुरती. सासरेबुवांना वस्तू वापरण्यापेक्षा झाकून ठेवण्यात जास्त रस. त्यांच्या घरी रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, सोफ्याला कव्हर असतं आणि कव्हर मळू नये म्हणून त्याच्यावर चादर असते. चष्म्याच्या डबीलासुद्धा त्यांनी एक पिशवी शिवून घेतली आहे. अशा माणसाने आपली गाडी माझ्या हवाली करणं म्हणजे काय, हे मला पुरतं कळत होतं. किल्ली देताना ते म्हणाले, "उद्या सकाळी हिला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय. आज संध्याकाळी गाडी माझ्या दारात हवी."

आम्ही घरी पोचता पोचता तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

"बाबांना फोन करू?" बायकोने विचारलं.

"अजिबात नाही. गाडी दिली आणि जावयाने त्याच दिवशी बिघडवली, हे मला जन्मभर ऐकायचं नाहीये."

"मग मेकॅनिकला बोलावा."

"मी आहे ना."

तिने जुनी वर्तमानपत्रं आणून अंगणात अंथरली. तिला पुढचं आधीच दिसतं, याची मला जास्त भीती वाटते.

इंजिन गार होऊ दिलं आणि बॉनेट उघडलं. पुढच्या जाळीच्या मागे, रेडिएटरला चिकटून एक जाडजूड फुलाफुलांचं फडकं दिसलं. हे मेकॅनिक लोक असेच, काम झालं की फडकी आतच विसरतात. मी ते ओढून काढलं, हात पुसले आणि खांद्यावर टाकलं.

"हे आईच्या जुन्या पडद्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली.

"फडकी सगळी सारखीच दिसतात. तू जरा बाजूला हो."

उतू गेलं होतं तेवढं पाणी पुन्हा भरलं. पंखा तपासला, तो फिरत होता. म्हणजे उरला थर्मोस्टॅट. पाणी तापलं की उघडायचं आणि त्याला रेडिएटरची वाट मोकळी करून द्यायची, एवढंच त्या चकतीएवढ्या वस्तूचं काम. तो काढला आणि तपासायला स्वयंपाकघरात नेला. गरम पाण्यात टाकल्यावर उघडला तर चांगला, नाही उघडला तर गेला. हाताशी पातेलं आलं ते नेमकं दुधाचं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. माझी बायको खोटं बोलत नाही, हा तिचा एकमेव दोष.

"हे ना? हे इंजिनाचा एक भाग गॅसवर उकळतायत," ती म्हणाली. "नाही गं, दुधाच्या पातेल्यात."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

थर्मोस्टॅट पाण्यात छान उघडला. मला आनंद व्हायला हवा होता, पण आता दोष कुठे शोधायचा? शेजारचे पंपवाले काका कुंपणावरून बघत होते. त्यांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात गेली. ते आले, वाकले आणि न बघताच म्हणाले, "पंप गेलाय." मागे आमचा पाळण्यातला नातू रडत होता तेव्हाही त्यांना पंपाचीच शंका आली होती. तरी मी पट्टा काढला, पंप सोडवला. पंप उत्तम होता. अंगणात अंथरलेल्या वर्तमानपत्रावर आता गाडी जास्त आणि बॉनेटखाली कमी, अशी परिस्थिती झाली.

आणि तेव्हाच फाटकापाशी टॅक्सी थांबली. आधी सासरेबुवा उतरले, मागून सासूबाई. सासरेबुवा वर्तमानपत्राभोवती एक फेरी मारून आले. मग गाडीत डोकावले.

"जावईबापू, माझं कव्हर कुठाय?"

"कसलं कव्हर?"

"रेडिएटरचं. धूळ बसते म्हणून गेल्याच आठवड्यात बसवलं."

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरचं फडकं उचललं आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "हेच की. जुन्या पडद्याचं मी शिवलं होतं, आतून अस्तर लावून."

मी मटकन पायरीवर बसलो. रेडिएटरला वारा लागू नये अशी पक्की व्यवस्था सासरच्यांनी केली होती, आणि मी ती पहिल्याच झटक्यात उपटली होती. म्हणजे गाडी तेव्हाच बरी झाली होती. नंतर दुपारभर मी एका धडधाकट गाडीची चिरफाड करत बसलो होतो.

हे सगळं मी सासरेबुवांना ठणकावून सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण सासूबाई ते कापड हातात धरून उभ्या होत्या. उद्याच्या ऑपरेशनने आधीच घाबरलेल्या. त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यामुळे बिघडली का हो गाडी?"

"छे हो, आई. थर्मोस्टॅट होता. उकळला, मोकळा झाला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. चहात साखर जरा जास्तच होती.

काकांच्या मदतीने दिवेलागणीपर्यंत गाडी जोडली. एक वॉशर उरला, तो मी खिशात घातला आणि तेलकट झालेलं कव्हर धुवायला म्हणून ठेवून घेतलं. सकाळी गाडी सुरळीत गेली, काटा जागचा हलला नाही आणि ऑपरेशनही झकास झालं. सासरेबुवांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून जावयाच्या हुशारीचं वर्णन केलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याबद्दल चांगलं बोलत होते, म्हणून मीही ऐकून घेतलं.

महिन्याभराने त्यांचा फोन आला.

"जावईबापू, हिला आता स्वच्छ दिसायला लागलंय. सुईत दोरासुद्धा स्वतः ओवते. गाडीला नवीन कव्हर शिवलं, या वेळी दुहेरी अस्तराचं."

"बरं," मी म्हणालो.

"पण गाडी पुन्हा तापतेय हो. तुम्ही या बघू. पातेलं आणू नका, हिने दुधाचं रिकामं करून ठेवलंय."