कमलाक्षीच्या नावाआधी काय लिहावे

स्त्रीचा मान राखणे हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाचे पहिले कर्तव्य आहे, आणि तंजावुरातल्या आम्हां मराठी मंडळींत ते पुरुषांनी संपूर्ण आपल्या अंगावर घेतले आहे. बायकांना त्याची तोशीस पडू देत नाही.

राजवाड्यामागच्या आमच्या सभेत देवनागरी येणारा मीच उरलो असल्यामुळे लग्नपत्रिकेचे मराठी पान माझ्याकडे येते. (तमिळ आणि इंग्रजी पान लोक वाचतात. मराठी पानाला हळद लावतात.) बाईचे नाव त्यात मोकळे जाऊ नये यावर माझा डोळा असतो. लग्न व्हायचे असेल तर कुमारी, नवरा असेल तर सौभाग्यवती, वारला असेल तर गंगाभागीरथी. एका शब्दात बाईची सगळी हकीकत कळते. पुरुषाला बिचाऱ्याला नुसता 'श्री.' मिळतो, लग्न करो, न करो, पळून जावो, तो तेवढ्यावर भागवतो.

सगळे सुरळीत चालले होते. घरोघर केबल टीव्ही आला, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आले, तरी कोणाचा मान रेसभर ढळला नाही. मग टेलिफोन खात्यातल्या कमलाक्षीने आपल्या नंदिताचे लग्न ठरवले आणि ती पत्रिकेचा मजकूर घ्यायला आली.

अडचण अशी की तिचा नवरा सूर्यनारायण, नंदिता पाळण्यात असताना, मद्रासला नोकरीच्या मुलाखतीला गेला तो अजून परतलेला नाही. (मुलाखत लांबली असावी, असे सभेचे अधिकृत मत आहे.) सौभाग्यवती लिहावे तर सौभाग्याचा पत्ता नाही, गंगाभागीरथी लिहावे तर तो गेल्याची खबर नाही, कुमारी लिहावे तर लग्न मुलीचेच. बोलताना ही पंचाईत होत नाही. समोर आम्ही तिला 'बाईसाहेब' म्हणतो आणि पाठ फिरली की 'टाकलेली'. पण ते छापता येत नाही. आम्ही काही असभ्य लोक नव्हे.

"नुसतं कमलाक्षी लिहा ना वो," ती म्हणाली.

सभेचे अध्यक्ष वेंकटराव दचकलेच. "अय्यो, बोडकं नाव? आमच्या बायकांचा असा अपमान आम्ही होऊ देणार नाही!"

लगेच बैठक बसली. तीत एकही बाई नव्हती, कारण स्वतःच्या मानाची चर्चा स्वतः ऐकायची म्हणजे बाईला संकोच होतो. ठराव एकमताने झाला: योग्य शब्द सापडेपर्यंत कमलाक्षीचे नाव छापून तिचा अवमान करू नये, निमंत्रक म्हणून 'श्री. सूर्यनारायणराव' असे घालावे.

मी वळणदार अक्षरात पान लिहिले आणि तिला वाचून दाखवले. 

"रात्रपाळ्या केल्या मी. पोरगी तापली की उशाशी बसली मी. आणि बोलावणार तो? राग आलाय मला, फार राग आलाय!" असे म्हणून तिने पान टराटरा फाडले. (कागद चांगला होता.)

पत्रिका तिने छापलीच नाही. कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार गेली. "मी कमलाक्षी. माझ्या मुलीचं लग्न आहे. या." तिने कुंकू लावावे की नाही यावर सभेत दोन मते होती, तोवर आमच्या बायकांनी, आम्हांला न विचारता, तिला आत नेऊन तिची ओटी भरली.

लग्नाला झाडून सगळी सभा गेली. जेवण फर्मास होते. निघताना यजमानिणीचा निरोप घ्यायला वेंकटराव पुढे झाले आणि "अं... अहो..." करत तिथेच अडकले.

"कमलाक्षी म्हणतात मला," ती हसत म्हणाली.

सभा अजून शब्द शोधते आहे, आणि वाचकहो, तिला तुमच्यासारख्या सभासदांची गरज आहे. नवरी काय शिकली, काय करते, हे तुम्ही इतक्या वेळात एकदाही विचारले नाहीत. सूर्यनारायण कुठे गेला, एवढेच तुम्हांला अजून हवे आहे. या, खुर्ची मांडलेली आहे.