राक्षसाला बासरी

राठोडकाका टीव्हीचा आवाज बंद करून सिनेमे पाहतात. तेही जादूचे, राक्षसांचे, उडत्या घोड्यांचे. पडद्यावर काहीही चालू असो, मांडीवरच्या की-बोर्डवर त्यांचं स्वतःचं संगीत चालू असतं. मी भिंतीपलीकडे राहतो, त्यामुळे राक्षस मला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आणि तो बासरीवर येतो.

"राक्षसाला बासरी?" एकदा न राहवून विचारलं.

"मास्तर, राक्षस आधीच केवढा दिसते. त्याले वरतून ढोल कायले पाह्यजे? ढोल वाजवाचा सशाले."

पुसदच्या लग्नांमधून जन्मभर बँडमध्ये वाजवलेला हा माणूस, पण त्यांचे नियम माझ्या डोक्यावरून जातात. परी आली की ट्रॅक्टरसारखी घरघर, कारण "परी हलकी असते, तिले खाली धरून ठेवा लागते." जादूगार आला की काहीच नाही. का, तर "त्याले थांबून पाहू द्या ना." काय पाहू द्या, याचा मला अजून पत्ता नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. यंदा मुलांना घेऊन एक छोटा सिनेमा केला. राजकन्या राक्षसाला हरवते, ढगांवरचं राज्य जिंकते आणि राजवाड्याच्या अंगणातून पुठ्ठ्याच्या पांढऱ्या घोड्यावर बसून उडून जाते. जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचा होता आणि संगीत द्यायला कोणी मिळेना. म्हणून लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात, ते हेच.

बासरीचा राक्षस मी मुकाट्यानं गिळला. शेवटी मात्र मला नगारे हवे होते. काकांनी लावला ढावलो. बंजारा लग्नात निरोप घेताना नवरी रडत रडत म्हणते, ते गाणं. तेही काकांच्याच फाटक्या आवाजात. पुरुषानं म्हटलेला ढावलो मी तरी कधी ऐकला नव्हता.

"काका, ती जिंकली आहे. रडेल कशाला?"

"जिंकलेल्या पोरीचं घर सुटत नाही काय?"

माझा पार गोंधळ उडाला. काका की-बोर्डकडे बघत बोलू लागले. त्यांची एकुलती एक शीतल पुण्यात इंजिनिअर आहे. मागच्या वर्षी तिनं तिथंच कोर्टात लग्न केलं. काका स्वतः जाऊन सही करून आले होते, परत आल्यावर गल्लीभर पेढे वाटले होते.

"मीच म्हटलं होतं तिले, जुनं काही करू नको. साहेबाच्या टेबलासमोर काय रडन ते? हसून राह्यली होती. चांगलंच झालं. बाहेर आलो, ते दोघं रिक्षात बसले अन् गेले. मले वाटलं, कोणीतरी ढावलो म्हणायले पाह्यजे होता."

मला फार वाईट वाटलं. नगाऱ्यांचं नाव काढायचा धीर होईना. पण घोडा बघता बघता ढगात जातो आणि ढावलो चांगला लांब.

"हेच ठेवू, काका. फक्त थोडं कापावं लागेल."

"गाणं नका कापू," काका म्हणाले. "पोरीले जरा उशिरा जाऊ द्या."

मी घोड्याचा वेग निम्मा केला. तरी गाणं संपेना. मग आणखी कमी केला. काका पडद्याला डोळे लावून बसले होते आणि राजकन्या अजून अंगणातच होती.